बाह स्केमच्या खोक्याखाली

शिलाँगमध्ये मावप्रेमच्या चढावर बाह स्केमबोरचं कोट शिवायचं दुकान आहे; 'बाह' म्हणजे दादा. मावप्रेम या नावाचा प्रेमाशी काडीचा संबंध नाही. 'माव' म्हणजे दगड, आणि डिसेंबरात पहाटे तो चढ चढलात तर नाव बरोबर ठेवलंय हे पटेल. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. घर मिल्डाचं, म्हणजे स्केमच्या बायकोचं. तिच्या आईकडून तिच्याकडे आलेलं, म्हणजे खासी घरात जसं यायला हवं तसंच आलेलं. स्केम एकसष्ट वर्षांचा, अंगाने किरकोळ, बोटं मात्र लांबसडक. सहा दिवस तो कोट शिवायचा आणि सातव्या दिवशी वरच्या चर्चमध्ये, गाणाऱ्या मंडळींच्या मागे उभा राहून बेस गिटार वाजवायचा. छत्तीस वर्षं वाजवत होता.

आणि त्यातली शेवटची चार वर्षं त्याला ऐकू येत नव्हतं.

अगदी ठार बहिरा म्हणता यायचं नाही. लहानपणी दोन्ही कान वाहायचे, आईने लसणाचं कोमट तेल घालघालून ते कसेबसे चालू ठेवले होते. पन्नाशीनंतर त्यांनी हळूहळू अंग काढून घेतलं. समोर उभं राहून, तोंड दाखवून कोणी बोललं तर निम्मं ओठांवरून कळायचं, निम्मं अंदाजाने. पाठीमागे तोफ उडाली असती तरी हा बटण टाचत बसला असता. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. मिल्डाला वाटायचं नवऱ्याचा कान जरा जड झालाय. पण नवरा आपलं ऐकत नाही असं कुठल्या बायकोला वाटत नाही?

चार वर्षं लपवलं कसं, असं विचाराल. एक तर धंदा सोयीचा. गिऱ्हाईक हाताने दाखवतं, इथे घट्ट, इथे सैल, बाही एवढी. दुसरं म्हणजे क्वाइ. आपल्याकडे आल्यागेल्याच्या हातावर सुपारीचा विडा ठेवल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही, आणि तोंडात विडा असलेल्या माणसाने नुसती मान हलवली तरी ते उत्तर धरतात. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं, म्हणजे 'खुब्लेइ'. देवाने हा शब्द खास स्केमसाठीच खासी भाषेत घातला असावा. भेटलात, खुब्लेइ. निघालात, खुब्लेइ. आभार मानायचेत, खुब्लेइ. देव तुझं भलं करो, तेही खुब्लेइच. समोरच्याने काय म्हटलं ते कळो न कळो, हसून खुब्लेइ म्हटलं की शंभरात नव्वद वेळा बरोबर बसतं. उरलेल्या दहा वेळा लोक म्हणतात, किती भला माणूस.

राहिलं वाजवणं. तिथे ना विडा कामाचा ना खुब्लेइ. तिथे कामाला आले पाय.

चर्च जुनं, लाकडी. जमीन पाइनच्या फळ्यांची, खाली खांब आणि मधे पोकळी. बेसचा आवाज ज्यातून निघतो ते मोठं काळं खोकं स्केम थेट फळीवर ठेवायचा आणि त्याच फळीवर बूट काढून उभा राहायचा. जाड तार वाजली की टाचेला कळायचं. बारीक तार बोटांच्या मुळाशी यायची. डोनबोक, त्याचा जुना दोस्त, ड्रम वाजवायचा. त्याच्या मोठ्या ढोलाचा ठोका डावीकडून यायचा. बायका उभ्या राहिल्या, पुरुष बसले, कोणी पोर पळालं, सगळं तळव्यांना कळायचं. आठवडाभर जग त्याच्यापुढे नुसते ओठ हलवायचं. रविवारचे ते दोन तास सोडले तर गाणं म्हणून काही त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. कुणाला कळलं असतं की यांना ऐकू येत नाही, तर तेही गेलं असतं. म्हणून तो गप्प होता.

थंडीत अनवाणी उभं राहिलं असतं तर चार जणांनी विचारलं असतं. म्हणून हा मोजे घालायचा, आणि मोज्यांचे तळ कात्रीने कापून टाकायचा. वरून बघणाऱ्याला मोजा, खालून उघडा पाय. पाळकसाहेबांनी तर एकदा प्रवचनात त्याचं उदाहरण दिलं होतं, की देवाच्या जागेत पायातले जोडे काढून उभा राहणारा या चर्चमध्ये एकच माणूस आहे. स्केमला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. सगळे आपल्याकडे बघताहेत एवढं दिसलं, तेव्हा त्याने मान लववली. लोकांना ती नम्रता वाटली.

असं सगळं झाकपाक चाललं होतं. मग दापिशाने स्टँड आणायचं काढलं.

दापिशा स्केमच्या थोरल्या बहिणीची मुलगी, चौतिशीची, शाळेत शिकवायची. चार वर्षांपूर्वी तिने चर्चच्या गाणाऱ्यांची सूत्रं हातात घेतली, आणि मधली एकटीने म्हणायची कडवीही तीच म्हणायला लागली. सूर काय असतो हे तिला मामानेच मांडीवर बसवून शिकवलेलं. घरात मामाचा शब्द शेवटचा. चर्चमध्ये मात्र हिचा. ती एका संध्याकाळी दुकानात आली, विडा घेतला आणि मामाच्या समोर बसली. समोर बसायची तिची सवय चांगली होती.

"मामा, रागावू नका. तुमच्या खोक्याने बायकांच्या रांगेत पोटऱ्या थरथरतात. एक जण म्हणते, दात वाजतात."

"थंडीने वाजत असतील."

"ऑगस्टपासून वाजताहेत. गेल्या रविवारी फोनवर गाणं टिपलं, त्यात नुसतं घूं ऐकू येतं. खोकं जमिनीला टेकलंय म्हणून सगळी जमीन घुमते. उचलून ठेवायला हवं. मी विचारलंय जाणकारांना."

"जाणकार माझ्या आधी जन्मले का?"

"त्यांनी स्टँड सांगितलाय. शुक्रवारी जाऊ. तुमच्या पसंतीचा घ्यायचा, नाताळची भेट माझ्याकडून."

आता बहिणीच्या घरून आलेली भेट नको म्हणायची सोय नसते. आईच्या कुळातला तू मोठा पुरुष, भाचीने हौसेने काही पुढे केलं आणि तू हात मागे घेतलास, तर बहीण विचारणार, का रे, बायकोने सांगितलं का घेऊ नको म्हणून? आणि मिल्डा विचारणार, माझं नाव कशाला मधे? दोन घरांत भांडण लावायचं त्याच्या जिवावर आलं. शुक्रवारी तो दापिशाबरोबर पोलीस बाजारात गेला.

दुकानदार तरुण होता, मालाकडे तोंड करून बोलणारा. म्हणजे स्केमच्या दृष्टीने मुकाच. त्याने पहिला स्टँड उघडला. कैचीसारखे पाय, कमरेएवढा उंच.

"हा नको," स्केम म्हणाला. "इस्त्रीचं टेबल वाटतं. पाळक यावर सदरा टाकतील."

दुसरा आरामखुर्चीसारखा मागे कललेला. दापिशा समोर येऊन म्हणाली, "मामा, हा बघा. खोकं यावर मागे रेलतं. आवाज जमिनीत न जाता सरळ तुमच्या कानात येतो."

कानात. स्केमने त्या स्टँडकडे असं बघितलं की जणू तो मुद्दाम बोलला होता. "झोपलेलं खोकं मला आवडत नाही," तो म्हणाला. "माणूस उभा आणि वाद्य आडवं, हे शोभत नाही."

तिसरा जड होता, चौथा हलका होता, पाचव्याचा रंग चर्चला साजणारा नव्हता. प्रत्येक स्टँडचे पाय तो कापडाचा पोत बघावा तसे चिमटीत धरून बघायचा आणि चेहरा पाडायचा. दापिशाला वाटलं मामाला भेटीचा संकोच वाटतोय. ती त्याला म्हणाली, "तुम्ही लग्नाची मुलगी बघायला गेला असतात तर एव्हाना मुलीने नकार दिला असता." शेवटी त्याने एक बुटका निवडला. वीतभर उंच, चार आखूड लोखंडी पाय, घडी होणारा. पायांना खाली रबराच्या टोप्या होत्या. लोखंड लाकडावर टेकलं तर काहीतरी खाली उतरेल, असा त्याचा हिशेब होता. घरी आल्यावर मिल्डा स्वयंपाकघरात गेलेली बघून त्याने पकडीने चारही टोप्या उपटल्या आणि बटणांच्या डब्यात टाकल्या.

बुधवारी तालमीला स्टँड लागला. उघड्या लोखंडाने फळीवर चार ओरखडे उठलेले दापिशाला लगेच दिसले. तिने कुठून तरी सायकलची जुनी ट्यूब आणवली, चौपदरी करून एकेका पायाखाली घातली, उरलेली डोनबोकच्या ढोलाखाली सरकवली आणि हाताने खूण केली, सुरू करा.

पायाखालची जमीन सरकणे असं लोक उगाच उठल्यासुटल्या म्हणतात. स्केमचं मात्र अक्षरशः तसं झालं. त्याने जाड तार छेडली आणि टाचेला काही आलं नाही. पुन्हा छेडली. फळी मढ्यासारखी गार. समोर बायका एकमेकींकडे बघून हसत होत्या, दापिशाने अंगठा वर केला, डोनबोकने भुवया उंचावल्या. म्हणजे आवाज छान येत होता. सगळ्यांना येत होता.

पहिलं गाणं सवयीने निभावलं. दुसऱ्याला त्याने डोनबोकच्या पायावर नजर ठेवली, तरी तो एक आवर्तन आधी शिरला. तिसऱ्या गाण्यात तो डोळे मिटून, जिवाच्या आकांताने ताल धरून वाजवत राहिला आणि डोळे उघडले तेव्हा सगळे थांबलेले होते. किती वेळ थांबले होते कोण जाणे. पंचवीस माणसं त्याच्याकडे बघत होती.

"बोटं गारठली," तो म्हणाला.

शनिवारी पुन्हा तेच झालं, आणि जरा जास्तच झालं. तालीम संपल्यावर तो पाठमोरा बसून वायरची गुंडाळी करत होता. पाठीमागे दापिशा येऊन उभी राहिली, हे त्याला फळीने सांगितलं. ती काय म्हणाली हे सांगणं फळीच्या हातात नव्हतं. तो वळला तेव्हा तिचे ओठ मिटत होते आणि डोळे भरलेले होते.

बाई बोलून झालेली, डोळ्यांत पाणी. स्केमला वाटलं, हिला माझ्या चुका बघवल्या नाहीत आणि हिने मला धीर दिला. तो हसला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खुब्लेइ, बाळ."

दापिशाने त्याचे दोन्ही हात धरले, काही वेळ धरूनच ठेवले, मग तोंडाला शाल लावून निघून गेली. किती गुणी पोर, असं मनात म्हणत स्केम घरी आला आणि दोन दिवस पोटभर जेवला. मधल्या रविवारी उपासना वाद्यांशिवाय होती, म्हणून कशाचा पत्ता लागला नाही.

सोमवारी दुपारी मिल्डा बाजारातून आली ती तरातरा. घराची जमीनही फळ्यांचीच, तिचं पाऊल दणकन पडलं तेव्हाच स्केमने ओळखलं की काहीतरी बिनसलंय. भाजीची थैली तिने कापडाच्या तागावर ठेवली. या घरात ते चालत नसे.

"इबाचे बाबा, छत्तीस वर्षांचं वाजवणं सोडलंत आणि मला ते मोहरीची पानं विकणारी सांगते?"

"कोणी सोडलं?"

"तुम्ही. नाताळला मेबान वाजवणार, तुम्ही पुढच्या बाकावर बसून ऐकणार. दापिशाने तुम्हाला विचारलं. बिचारी दोन दिवस झोपली नव्हती म्हणे, कसं विचारू म्हणून. मामा, आता त्या मुलाला वाजवू द्याल का, तुम्ही थकलात. आणि तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, खुब्लेइ. सगळ्या गल्लीत तुमचा मोठेपणा गाजतोय. एक मीच कमनशिबी, मला सांगावंसं नाही वाटलं."

स्केमच्या हातातली कात्री हातातच राहिली. चार वर्षं ज्या शब्दाने त्याला वाचवलं, त्याच शब्दाने त्याचा गळा कापला होता. तो सवयीने विड्याच्या डब्याकडे वळला. मिल्डाने डबा उचलून मागे लपवला.

"विडा नंतर. आधी बोला. तुम्ही ते मनापासून म्हणालात का?"

"मला ऐकू आलं नाही," स्केम म्हणाला.

"काय ऐकू आलं नाही?"

"काहीच. चार वर्षं झाली."

मिल्डाने विड्याचा डबा खाली ठेवला. मग आत गेली आणि मोज्यांचा एक जोड घेऊन आली. तिने विणलेले राखाडी मोजे, तळ नसलेले. ते तिने त्याच्यासमोर पसरले.

"हे मला महिन्यापूर्वीच सापडले. मी म्हटलं, फाटले असतील. पण फाटलेल्या मोज्याला कोणी कडेने दुमडून बारीक टीप घालतं का? इतकी सुरेख टीप. मी म्हटलं, म्हातारा वेडा झालाय, विचारावं की नको. मला भीती वाटली हो."

शिंप्याचा स्वभाव. चोरी केली तरी कडा दुमडून केली. स्केमला हसूही आलं आणि डोळेही भरले. सांगून समजणार नाही म्हणून त्याने कोपऱ्यातली गिटार घेतली, तिचं टोक जमिनीच्या फळीवर घट्ट टेकवलं आणि मिल्डाला म्हणाला, "चपला काढ. इथे उभी राहा."

त्याने जाड तार ओढून सोडली. मिल्डाने पाय झटकला.

"गुदगुल्या होतात."

"उभी राहा गं. आता बघ." त्याने दुसरी वाजवली, मग तिसरी. मिल्डा डोळे मिटून उभी राहिली. भुवया एकत्र आल्या, मग सुटल्या. त्यांच्या लग्नात म्हटलेलं गीत तो वाजवत होता, हे तिला तिसऱ्या ओळीला कळलं. तिने डोळे उघडले नाहीत.

"असं ऐकता तुम्ही?"

तो तारांकडे बघत होता. तिने डोळे उघडून, त्याची हनुवटी वर करून तेच पुन्हा विचारलं, तेव्हा त्याला कळलं. "असंच," तो म्हणाला. "गाणंच नाही. तूही. सकाळी तू उठतेस ते मला कळतं. चुलीकडे जातेस की दाराकडे, तेही कळतं. तू चिडलीस तर टाच आधी टेकवतेस. आणि गेले दोन महिने तुझा उजवा गुडघा दुखतोय. त्या पायावर भार देत नाहीस. मला बोलली नाहीस तू."

मिल्डा मटकन शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली. खरंच बोलली नव्हती ती. म्हाताऱ्याला उगाच काळजी, म्हणून. चाळीस वर्षं हा माणूस आपलं ऐकत नाही अशी तिची तक्रार होती, आणि हा तर तिने न बोललेलंही ऐकत बसला होता. ती रडली, आणि रडणं आटोपल्यावर स्टँडची, ट्यूबची सगळी हकिगत काढून घेऊन कामाचं बोलली. बायकांचं हे एक बरं असतं.

"खोकं जमिनीवर नको, एवढंच त्यांचं म्हणणं ना? जमीन घुमते म्हणून?"

"हो."

"आणि तुम्हाला खोकं जिथे टेकलंय तिथे पाय हवेत."

"हो."

"मग खोक्याबरोबर तुम्हालाही उचलायला काय धाड भरली? दोघांना एकाच फळीवर चढवा, आणि फळीखाली घाला तुमच्या दापिशाची ट्यूब."

स्केमने तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. त्याला वाटलं ओठ वाचण्यात चूक झाली. पोलीस बाजारातल्या त्या दुकानात सगळे स्टँड खोक्यापुरते होते. माणसासकट उचलणारा एकही नव्हता, आणि कुणाला सुचलाही नव्हता. मंगळवारी दोघांनी मिळून पलंगाच्या पाइनच्या दोन रुंद फळ्या काढल्या. खाली आडव्या पट्ट्या ठोकल्या, मधे बिजागरी घातली म्हणजे दुमडून खांद्यावर नेता येईल, आणि पट्ट्यांखाली ट्यूबचे जाड वेटोळे खिळले. चर्चमधून घडी घालून आणलेल्या बुटक्या लोखंडी स्टँडचे उघडे पाय फळीत स्क्रूने घट्ट बसवले. गादी जमिनीवर आली. शेजारणीने विचारलं तेव्हा मिल्डा म्हणाली, पलंग चर्चला दिला.

बुधवारी ते दोघे फळ्या घेऊन चर्चमध्ये शिरले तेव्हा तालीम सुरू व्हायची होती. मेबान, विशीतला सडपातळ मुलगा, खोक्याशेजारी गिटार लावून उभा होता. स्केमला बघून त्याने मान खाली घातली. दापिशा पुढे आली.

"मामा, हे काय? आपलं ठरलं होतं ना?"

वाटेत स्केमने खूप काही जुळवलं होतं. फळ्या ठेवून तो सरळ उभा राहिला तेव्हा त्यातलं काही आठवेना. सगळी ओळीने उभी होती, सगळ्यांचे चेहरे त्याच्याकडे. एकदा बोलला की परत घेता येणार नव्हतं.

"तू काय विचारलंस ते मला ऐकूच आलं नव्हतं," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही, दापिशा. मी पायांनी वाजवतो. खोकं वर गेलं आणि माझं सगळं गेलं. मी सोडलेलं नाही. मला सोडायचं नाहीये. आता तू सांगशील ते."

डोनबोकच्या हातातली काठी झांजेवर आदळून फळीवर पडली. तेवढा एकच आवाज चर्चमध्ये झाला, आणि तो बुटांतूनही स्केमच्या तळव्यांना कळला.

"कधीपासून?" दापिशाने विचारलं.

"चार वर्षं."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर वाजवू दिलं असतंस?"

 खोटं बोलायची दापिशाला सवय नव्हती. "नाही," ती म्हणाली.

मग तिच्या मनात दुसरंच काही आलं आणि तिचा चेहरा बदलला. ती दोन पावलं जवळ आली. "चार वर्षं," ती म्हणाली. "मी गायला लागून चारच वर्षं झाली. दर रविवारी उपासना संपली की तुम्ही मला म्हणायचात, आज छान गायलीस. कधी म्हणायचात, आज मन नव्हतं तुझं. मी त्याच्यावर आठवडा काढायचे, मामा. ते सगळं खोटं?"

मिल्डाने नवऱ्याकडे बघितलं. हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"खोटं नाही गं," स्केम म्हणाला. "लोक स्वस्थ बसत नाहीत. पाय हलवतात, टाच घासतात, पोरं बाकाला लाथा मारतात. सगळी फळी सारखी कुरकुरत असते. तू गायला लागलीस की हळूहळू थांबते. पार शेवटच्या बाकापर्यंत थांबते. ज्या दिवशी कुणाचाच पाय हलत नाही, त्या दिवशी मी म्हणायचो, छान गायलीस. ज्या दिवशी हलतो, त्या दिवशी तुझं मन नसतं. माझं कधी चुकलं का?"

दापिशाने मान हलवली. नाही.  ती तशीच मामासमोर उभी राहिली आणि तिने रडू लपवलं नाही, कारण पाठ फिरवली असती तर त्याला कळलं नसतं.

मेबाननेच आपल्या गिटारची वायर काढली. दापिशा म्हणाली, त्या मुलालाही शब्द दिलाय, नाताळची पहिली दोन गाणी त्याची, बाकीची मामांची. आणि जानेवारीत कानाच्या डॉक्टरकडे जायचं, तिथे मामा म्हणून कुठलाही मान मिळणार नाही. हे सगळं तिने समोर उभं राहून, एकेक शब्द सावकाश म्हणून सांगितलं. डोनबोकने आणि मेबानने खोकं उचलून फळीवर चढवलं, आणि डोनबोकने आपला ढोलही फळीच्या कडेला टेकवला. स्केमने बूट काढले, मोजेही काढले आणि खोक्याशेजारी फळीवर चढला. दापिशाने हात वर केला, पण खाली आणला नाही. आधी तिने मागे वळून गाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं की हलू नका, मामा ऐकताहेत, आणि मग सुरुवात केली.